लेकीच्या जोडीदाराची चारचौघांत ओळख कशी करून द्यायची?

पत्र

माझी मुलगी तीस वर्षांची आहे. नोकरीच्या गावी ती गेली तीन वर्षं एका मुलाबरोबर राहते. लग्न केलेलं नाही, आणि सध्या करायचंही नाही, हे दोघांनी आम्हाला समोर बसून सांगितलं. तेव्हा घरात खूप रडारड झाली. ह्यांनी दोन महिने अबोला धरला होता. आता ते सगळं निवळलंय. मुलगा खरंच चांगला आहे, आम्हाला आवडतो.

मागच्या वेळी दोघं घरी आली होती तेव्हा शेजारच्या बाई आल्या. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "हा हिचा मित्र, इकडे कामानिमित्त आलाय." मुलगी गप्प झाली. रात्री म्हणाली, "आई, माझ्या टायफॉइडमध्ये हा पंधरा दिवस रजा काढून घरी बसला होता. कामानिमित्त आलेला मित्र असं करतो का?" मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न आहे. दोघं येणार आहेत, सगळं गोत जमणार. ह्यांचं म्हणणं, "मित्र म्हण आणि मोकळी हो." सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्या मला विचारतात, "ठेवलंय का गं तिला त्यानं?" मोठ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अजून तशीच राहते का?" मी त्याला म्हणू तरी काय? होणारा जावई म्हणून टाकू का? अहो-जाहो करू की अरे-तुरे?

उत्तर

ताई,

लग्न तोंडावर आलंय, तेव्हा कामाचं आधी सांगते. त्याला काय म्हणायचं हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. लेकीला फोन करा आणि सरळ विचारा, "लग्नात तुमची ओळख कशी करून दिलेली तुम्हा दोघांना आवडेल?" दोघांना, असं मुद्दाम म्हणते आहे. मुलीला एखादा शब्द चालत असेल आणि त्याला ऐकून अवघडल्यासारखं होत असेल, असं होऊ शकतं. त्यांच्या मित्रमंडळींत, ऑफिसात, घरमालकापुढे ती दोघं गेली तीन वर्षं स्वतःला काहीतरी म्हणतच असणार. तुम्ही विचारलंत, एवढ्यानंच त्या रात्रीचं बरंचसं दुखणं कमी होईल.

तिला 'मित्र' हा शब्द लागला असं मला वाटत नाही. मित्र तर तो आहेच, आणि ज्या घरात नवरा-बायकोची मैत्री असते ते घर सुखाचं असतं हे आपण सगळ्याच जाणतो. तिला लागलं ते 'कामानिमित्त'. तो आलाय याला तुम्ही एक निमित्त जोडलंत, आणि त्यातून तिला ऐकू आलं की आईला आपली लाज वाटते. तुम्हाला लाज वाटत नव्हती, शब्द सापडत नव्हता. हे तिला या शब्दांत सांगून टाका.

शब्द का सापडत नव्हता याचं उत्तर आपल्या भाषेत आहे, आणि ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण सासूबाई आणि जाऊबाईंच्या तोंडी तीच भाषा आहे. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यासाठी मराठीत शब्दच नव्हते असं नाही. होते, आणि भरपूर होते. ठेवलेली. रखेल. अंगवस्त्र, म्हणजे खांद्यावर मिरवायचं वस्त्र. जुन्या दरबारी कागदपत्रांत नाटकशाळा. यातला एकही शब्द जोडप्याचा नाही, सगळे एकट्या बाईचे. पुरुष 'ठेवणारा' होता, पण त्याला तसं कुणी म्हणायचं नाही. फार तर रंगेल म्हणून सोडून द्यायचे. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीचं नाव मात्र तिच्या एकटीच्या कपाळावर.

हे जुनं झालं असं समजू नका. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं लिव्ह-इनविषयी एक महत्त्वाचा निकाल दिला. कुठलं नातं लग्नासारखं मानायचं आणि कुठलं नाही, हे सांगताना त्या निकालात 'ठेवलेली बाई' या अर्थाचा इंग्रजी शब्द आला. तेव्हा अतिरिक्त सॉलिसिटर जनरल असलेल्या इंदिरा जयसिंग यांनी त्यावर भर कोर्टात आक्षेप घेतला. एकविसाव्या शतकात देशाचं सर्वोच्च न्यायालय एखाद्या स्त्रीबद्दल हा शब्द कसा वापरू शकतं, असा त्यांचा सवाल होता. मला तो प्रसंग फार मोलाचा वाटतो. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशांच्या हातूनही जो शब्द सहज लिहिला जातो, तो ब्याऐंशी वर्षांच्या आजींच्या तोंडी आला तर त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तो दुरुस्त करायला मात्र हवा, कारण तो तुमच्या लेकीला लागू पडत नाही. ती कमावते, घराचं भाडं भरते, आपल्या मर्जीनं तिथे राहते. तिला कुणी 'ठेवलेलं' नाही.

आता जाऊबाईंचं 'तशीच'. मला विचाराल तर आज घरोघरी सर्वांत जास्त चालणारा शब्द हाच आहे. 'तसेच राहतात', 'तशीच राहते त्याच्याकडे'. वरवर पाहता यात शिवी नाही, पण शब्द अर्धवट सोडून दिलाय आणि उरलेलं ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं भरून घ्यायचं. 'तशीच' म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखी, न पुसलेल्या ओट्यासारखी. त्यातच 'त्याच्याकडे' आलं की झालंच. मुलगी मामाकडे राहते, मावशीकडे राहते; 'कडे' म्हटलं की घर दुसऱ्याचं आणि ही तिथे आश्रयाला. तुम्ही पत्रात काय लिहिलंत पाहा: "ती एका मुलाबरोबर राहते." तुम्ही 'बरोबर' लिहिलंत, 'कडे' नाही. योग्य शब्द तुमच्या हाताला आपोआप आला होता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की नाव देण्यापेक्षा वाक्य बोला. आपल्याकडे नात्याची नामं फार जड असतात, प्रत्येकाला मान चिकटलेला आणि अपेक्षाही. क्रियापदं त्या मानानं हलकी आणि खरी असतात. "आमची लेक आणि हा बरोबर राहतात." "दोघांचं घर आहे तिकडे." "तीन वर्षं झाली, छान चाललंय त्यांचं." यात खोटं काही नाही आणि लपवलेलंही काही नाही. ज्याला कळायचं त्याला पूर्ण कळतं.

नाम लागतंच म्हणाल, तर हाताशी आहेत ते एकेक सांगते.

'लिव्ह-इन' आता मराठीच झालाय. वर्तमानपत्रात येतो, मालिकांत येतो, आजी-आजोबांनाही कळतो. पण तो व्यवस्थेचं नाव आहे, माणसाचं नाही. "ते लिव्ह-इनमध्ये राहतात" हे माहिती म्हणून ठीक. "हा तिचा लिव्ह-इन" असं कुणी म्हणू नये. शिवाय मोठ्या माणसांच्या तोंडी तो अनेकदा बातमीसारखा येतो, आवाज थोडा खाली करून. घरच्या लग्नात मी तो टाळेन.

'बॉयफ्रेंड' तीन वर्षांच्या संसारापुढे तोकडा पडतो. टायफॉइडमध्ये औषधांच्या वेळा सांभाळणारा माणूस त्या शब्दात मावत नाही. 'पार्टनर' शहरात सर्रास चालतो, तरुणांना आवडतो, त्यात बरोबरीही आहे. अडचण एवढीच, की तुमच्या दिरांचे व्यापारातले स्नेही ऐकतील आणि विचारतील, "कशाचा धंदा आहे?" 'सहचर' सुंदर आहे, पण तो छापील आहे, लग्नाच्या गडबडीत कुणी सहचर म्हणत नाही. 'जोडीदार' मला सर्वांत जवळचा वाटतो. तो बोलण्यातला आहे, बाई आणि पुरुष दोघांनाही तोच चालतो, त्यात लग्न झालंय असंही नाही आणि नाही झालं असंही नाही. पत्ते खेळताना जोडीदार असतो आणि आयुष्यातही असतो. मुलांची हरकत नसेल तर तुम्ही हाच घ्या.

आणि 'होणारा जावई'. हा मोह तुम्हाला सर्वांत जास्त होणार आहे हे मला कळतंय, कारण त्यानं एका फटक्यात सगळ्यांची तोंडं बंद होतील. कृपा करून म्हणू नका. दोघांनी समोर बसून सांगितलंय की सध्या लग्न करायचं नाही. 'होणारा' म्हणताना तुम्ही त्यांच्या वतीनं सगळ्या गोताला वचन देऊन मोकळ्या होता, आणि ते पाळायची जबाबदारी त्यांच्यावर येते. पुढच्या प्रत्येक समारंभात "कधी बार उडवताय?" हे त्यांना ऐकावं लागेल, आणि ते तुमच्यामुळे सुरू झालेलं असेल. नुसत्या 'जावई' शब्दाचंही तसंच. जावई म्हटलं की मानपान आला, आहेर आला, व्याही आले, रुसवेफुगवे आले. अनेक जोडपी लग्न लांबणीवर टाकतात ती हा सगळा पसारा नको म्हणूनच. तुम्ही मायेनं दिलेला शब्द त्यांच्यासाठी तोच पसारा घेऊन दारात उभा राहील. उद्या ती दोघं आपण होऊन म्हणाली, "आई, जावई म्हण, गंमत वाटते," तर खुशाल म्हणा.

हा पेच आपल्या एकट्यांचा नाही. जर्मन भाषेत अशा संसाराला 'रानटी लग्न' म्हणायची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आणखी एक शब्द आला, 'काकालग्न'. युद्धात नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा लग्न केलं की तिचं पेन्शन बंद व्हायचं, म्हणून अनेक जणी लग्न न करताच संसार करत, आणि घरातली मुलं आईच्या जोडीदाराला काका म्हणत. पेन्शनपायी लग्न न करणारी वयस्क जोडपी आपल्याकडेही आहेत, त्यांचीही पत्रं मला येतात. नॉर्वेत तर लग्नाशिवाय एकत्र राहणं १९७२ पर्यंत कायद्यानं गुन्हा होता. शेजारच्या स्वीडनमध्ये मात्र 'साम्बो' असा एक सुटसुटीत शब्द रुळला. अर्थ एवढाच, की बरोबर राहणारा किंवा राहणारी. ना टोमणा, ना कौतुक. तिथल्या २००३ च्या कायद्याच्या नावातच तो शब्द आहे. म्हणजे भाषा बदलते, आणि लोक न लाजता एखादा शब्द वापरू लागले की कायद्यालाही तो घ्यावासा वाटतो.

आता कार्यालयातलं. तिथे भेटणारी माणसं सारखी नसतात, तेव्हा एकच वाक्य सगळ्यांना नको. जे जवळचे आहेत, ज्यांचं तुमच्या लेकीवर प्रेम आहे, त्यांना आधी त्याचं नाव सांगा आणि मग सांगा, "हिचा जोडीदार." मागे-पुढे काही जोडू नका. खुलासा सुरू झाला की ऐकणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी खुलासा करण्यासारखं आहे. जे लांबचे आहेत, ज्यांची पुन्हा दहा वर्षांनी गाठ पडणार, त्यांना नाव सांगून "आमच्या घरचाच आहे" एवढं म्हटलं तरी पुष्कळ. 'घरचा' हा शब्द मला इथे फार आवडतो. तो खरा आहे, उबदार आहे, आणि त्याला लग्नाचा दाखला लागत नाही. कुणी खोदून विचारलंच, "घरचा म्हणजे कोण?" तर "लेकीचा जोडीदार." "लग्न कधी?" तर "ती दोघं ठरवतील तेव्हा सांगतील." आणि पानं वाढायला घेतलीत का बघायला निघून जायचं.

लहान मुलं विचारतीलच. त्यांना काहीच अडचण नसते, फक्त हाक कशी मारायची ते सांगावं लागतं. तुमच्या लेकीला जी मुलं आत्या किंवा मावशी म्हणतात ती त्याला काका म्हणतील, जी ताई म्हणतात ती नावापुढे दादा लावतील. तुम्ही स्वतः त्याला आजवर अरे म्हणत असाल तर कार्यालयात शिरल्यावर एकदम अहो करू नका, त्याला परकं वाटेल. तो तुम्हाला काकू म्हणतो की आई, हेही त्याच्यावर सोडा.

पत्रिका पाठवायची राहिली असेल तर पाकिटावर दोघांची नावं शेजारी शेजारी, ज्याच्या-त्याच्या आडनावासकट लिहायला सांगा. 'श्री. व सौ.' नको आणि मुलीच्या नावामागे 'कु.' टाकून त्याला वगळूही नका. आणि एक क्षण आधीच ठरवून ठेवा. फोटोग्राफर स्टेजवरून ओरडेल, "घरची मंडळी सगळी वर या." तेव्हा तो हमखास खुर्चीत बसून राहील, कारण आपण त्यात येतो का हे त्याला माहीत नसेल. तुमची लेक एक पाय स्टेजच्या पायरीवर ठेवून त्याच्याकडे बघेल. त्या वेळी त्याला नावानं मोठ्यानं हाक मारा, "चल रे, वर ये." ज्यांना कुणी काही सांगितलं नसेल त्यांना त्या हाकेतून सगळं कळेल.

थोडं कायद्याचंही लिहिते, कारण शब्दांचा संबंध तिथेही येतो आणि आईला हे माहीत असलेलं बरं. सज्ञान स्त्री-पुरुषांनी राजीखुशीनं एकत्र राहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा लग्न झालेल्या बाईपुरता नाही; 'लग्नासारखं नातं' असलेल्या स्त्रीलाही तो संरक्षण देतो. असं नातं कसं ओळखायचं हे सांगताना सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या निकालात काही खुणा दिल्या आहेत: किती काळ एकत्र राहिले, घर एकच होतं का, पैशाचा व्यवहार मिळून होता का, आणि त्यांतच एक, की नातेवाईक, मित्र आणि समाजापुढे ती दोघं पती-पत्नीसारखी वावरत होती का. म्हणजे चारचौघांत त्यांची ओळख काय म्हणून होते, हेही एक प्रमाण ठरू शकतं. तुमच्या मुलीवर तशी वेळ येऊ नये, येणारही नाही. पण वर्षानुवर्षं 'मित्र, कामानिमित्त' असं सांगत राहणं तिच्या हिताचं नाही, हे यजमानांना जरूर सांगा.

कागदोपत्री मात्र 'जोडीदार' म्हटल्यानं आपोआप काही मिळत नाही. घराच्या भाडेकरारावर दोघांची नावं असावीत. बँकेत नॉमिनी म्हणून एकमेकांचं नाव लावता येतं, नातं असण्याची अट नाही. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. जोडीदार कितीही वर्षांचा असला तरी मृत्युपत्राशिवाय वारसा कायद्यानं त्याला किंवा तिला सहसा काही मिळत नाही. तिसाव्या वर्षी मृत्युपत्र हा विषय आईनं काढायचा नसतो, कळतं मला. पण ती दोघं शहाणी दिसतात. निवांत वेळी कानावर घालून ठेवा.

सासूबाईंना शिकवायला जाऊ नका, सांगा. "नाही आई, त्यानं ठेवलेलं नाही तिला. दोघं मिळून राहतात, भाडं निम्मं-निम्मं देतात." त्यांच्या काळात बाईला निम्मं भाडं भरायची सोय नव्हती, म्हणून त्यांच्याजवळ दुसरा शब्द नाही. पैशाचा हिशेब त्यांना लगेच कळेल, तत्त्व कळायला वेळ लागेल. मग त्याला त्यांच्याशेजारी बसवा आणि तुम्ही तिथून उठा. ब्याऐंशी वर्षांची बाई समोरच्या माणसाला स्वतःच पारखते. जाऊबाईंना लग्नाआधीच फोन करा, मांडवात नको. त्या पुन्हा "तशीच" म्हणाल्या तर आवाज न चढवता, "तशीच नाही, त्याच्याबरोबर राहते," एवढंच म्हणा आणि पुढे मेहंदी कधी आहे ते विचारा. दोन-तीनदा असं झालं की त्या तो शब्द निदान तुमच्यासमोर तरी टाकतील.

राहता राहिले यजमान. तुम्ही पूर्ण पत्रात त्यांचं नाव घेतलं नाहीत, 'हे' म्हटलंत, आणि मला कुठेही अडलं नाही. आपल्या पिढीच्या बायकांनी एका सर्वनामावर अख्खा संसार सांगितलाय, तेव्हा लेकीच्या जोडीदाराची ओळख एका साध्या वाक्यात करून देणं तुम्हाला जड जाणार नाही. त्यांना जाईल. 'मित्र म्हण' असं ते तुम्हाला सांगतात, कारण कार्यालयात पुरुषमंडळी प्रश्न त्यांनाच विचारणार आहेत, आणि ते आत्तापासून धास्तावले आहेत. म्हणून लेकीनं शब्द सांगितला की तो त्यांना लगेच कळवा आणि घरातच एक-दोनदा मोठ्यानं म्हणून बघायला सांगा. नाव, मग "आमच्या लेकीचा जोडीदार", आणि पुढे थांबायचं. पहिल्यांदा घसा अडखळेल, तेव्हा ते अडखळणं घरातच होऊन जाऊ दे.